मशालीचा हिशेब

पुस्तकात स्पष्ट लिहिलंय:
यक्षाला अंधारात साठ फूट दिसतं,
बुटक्याला साठ,
अर्ध्या राक्षसालासुद्धा साठ.
माणसाच्या रकान्यात एक आडवी रेघ.

अनगोळात, सायकल दुकानाच्या माडीवर,
पालथ्या कॅरम बोर्डाभोवती आम्ही चौघं.
दर रविवारी माणूस एकटा भरमाच.
खानापूरचा इनास यक्ष,
मल्लेशी बुटका, जो दारातून वाकून आत येतो,
आणि मी खेळ चालवणारा, म्हणजे मी गुहा,
गुहेतलं पाणी, वटवाघळं
आणि पाण्याखाली जे काय आहे ते.

भरमाच्या डाव्या हातात मशाल, म्हणून ढाल नाही.
एक मशाल, एक तास.
त्याच्या कागदाच्या कडेला रेघोट्या,
दुधाच्या हिशेबाला कॅलेंडरवर असतात तशा.
उजेड त्याच्या हातात, त्यामुळे पहिला बाण त्यालाच.
चार महिन्यांत तीनदा मेला.

शेवटी म्हणाला,
"मला बी दिसू दे की गा.
आठवडाभर उद्यमबागेत भट्टीसमोर असतोय.
ओतकाम बघून मान वळवली की
पाच मिनिटं भिंत कुठं, माणूस कुठं, कळत नाही.
हितं तरी दिसू दे."

इनास म्हणाला, मग मी कान लांब करून मिळवलं काय?
मल्लेशी काही बोलला नाही. फासा तळहातावर घोळवत राहिला,
वीस तोंडांचा, ॲल्युमिनियमचा, भरमानंच ओतलेला,
जरा सातावर झुकणारा.

आठवडाभर लेथवर माझ्या डोक्यात तेवढंच.
दिसलं माणसाला, तर बिघडतं काय?
बुधवारी रात्री लाइट गेली.
गल्लीच्या तोंडाची पाटी विझली,
दोन्ही लिप्यांतली अक्षरं एकाच वेळी,
आणि अंधारातून कोणीतरी म्हणालं, सावकाश, पायरी आहे.
ते कानडीत म्हणालं होतं,
हे मला पायरी उतरल्यावर कळलं.

तरी रविवारी मी पेन्सिलीनं लिहिलं: माणूस, साठ फूट.
फक्त रंग नाहीत. सगळं राखेसारखं,
जसं त्या दोघांना दिसतं तसंच.
भरमानं लगेच ढाल विकत घेतली.

आधी कसं असायचं,
मशाल विझली की भरमा विचारायचा, पुढं काय आहे?
इनास हेल काढून सांगायचा,
मल्लेशी त्याच्या बोलीत: "मुंद कत्तल ऐती."
भरमा तेव्हा चंदगडाकडून नवीनच आलेला.
कत्तल ऐकून त्यानं तलवार उपसली
आणि रिकाम्या बोगद्यावर तीन वार केले.
मल्लेशीनं हसून इतके पाय आपटले
की खालून दुकानदार ओरडला.
कत्तल म्हणजे अंधार रे. नुसता अंधार.
अजून आमच्यात लाइट गेली की कत्तल झाली म्हणतात.

या रविवारी कोणी काही विचारलं नाही.
तिघंही बघत चालले. साठ फूट, पुन्हा साठ फूट.
मी सांगायच्या आत माझी वटवाघळं मोजून झालेली.
एरवी बारा वाजतात,
साडेनवालाच शेवटचं दार आलं.

दारावर दोन खडे, एक तांबडा, एक हिरवा.
एक दाबायचा. दुसऱ्याला हातही लावायचा नाही.
"तांबडा कुठला?" भरमानं विचारलं.
मी म्हटलं, राख. दोन्ही राख.

बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज.
मग भरमानं कागद दिव्याजवळ धरला,
कडेच्या रेघोट्या बोटानं मोजल्या.
"एक उरलीय," म्हणाला, "टाकून देणार होतो."
ढाल खाली ठेवली.
चकमकीसाठी फासा टाकला.

सात.

दहा लागतात.
"परत टाक," इनास म्हणाला.
तसं नियमात नाही.
मी पुस्तक मिटून मांडीखाली घेतलं.